दादाचं नख आणि पेट्रोलची आरी

सकाळपासून गल्लीत घरघर सुरू आहे. सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुना कडुनिंब आहे, त्याच्या फांद्या विजेच्या तारांना टेकायला लागल्या म्हणून ठेकेदाराची माणसं आली आहेत. त्यातला एकजण शिडीवर उभा राहून पेट्रोलची आरी चालवतो आहे. आवाजाचं एक वेळ सोडा, नागपूरच्या माणसाला आवाजाचं काय एवढं. पण तो वास! ऑईल मिसळलेल्या पेट्रोलचा निळा धूर आणि त्यात लाकडाचा ताजा भुसा. तो नाकात गेला आणि हातातला चहा मी तसाच ओट्यावर ठेवला. जानेवारीचं ऊन, उतरत आलेली थंडी आणि हा वास, तिन्ही एकत्र आले की मला घरात बसवत नाही.

म्हाताऱ्या माणसाजवळ काम नसतं आणि मतं मात्र ढीगभर असतात. मी जाऊन शिडीखाली उभा राहिलो. "का गा भाऊ, ही फांदी खरंच वाळली हाय, का पानं झडली म्हणून तुले वाळली वाटते?" त्यानं यंत्र बंद केलं, कपाळ पुसलं. चाळिशीचा गडी असेल. म्हणाला, "काका, दिसूनच राह्यलं ना." आणि पुन्हा दोरी ओढली.

दिसूनच राह्यलं. हेच शब्द मी एकदा स्वतःशी म्हटले होते, अशाच जानेवारीत, अशीच आरी हातात धरून. परत येऊन ओट्यावर बसलो. चहा गार झाला होता.

मी आयटीआयमध्ये फिटरचा मास्तर होतो. मशीन म्हणजे माझा श्वास. पुढ्यातल्या प्रत्येक नव्या तुकडीकडून पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घ्यायची, आधी मोजा, मग कापा. मोजायला लाजू नका, कापलेलं परत जोडता येत नाही. निवृत्तीच्या दिवशी भाषणात एका माजी विद्यार्थ्यानं हे वाक्य सांगितलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बसलो होतो. त्यांना वाटलं, मास्तरांना भरून आलं.

माझा मोठा भाऊ, दादा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. नरखेडच्या पुढं आमचं गाव, तिथं आमचा संत्र्याचा बगिचा. एकानं शिकावं आणि एकानं शेती पाहावी असं बाबांनी ठरवलं होतं, तसं झालं. सोळाव्या वर्षी मला नागपूर मिळालं आणि दादाजवळ हातआरीच राहिली. त्यानं कधी यावरून टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, मग मीही काहीतरी बोललो असतो आणि फिटंफाट झाली असती.

संत्र्याच्या झाडाला दरवर्षी काही फांद्या आतल्या आत वाळतात. आमच्याकडे तिला सल म्हणतात. सल वेळेवर काढली नाही तर वाळवण खाली उतरत जाते आणि एक दिवस झाडच जातं. ती काढायचं काम दिसायला सोपं, पण त्यात एक मेख आहे. वाळलेली फांदी आणि जिवंत फांदी, दोन्हींची साल करडीच असते. म्हणून आधी नख लावायचं. अंगठ्याच्या नखानं साल जराशी खरडायची. खाली हिरवं निघालं तर फांदी जिवंत, तपकिरी निघालं तर सल. शेंड्याला एकदा, मधे एकदा, बुडाला एकदा. जिथं हिरवं सुरू होतं तिथं बोटभर खाली आरी लावायची आणि कापलेल्या तोंडाला मोरचूद-चुन्याचा लेप द्यायचा. एवढंच शास्त्र.

मला हे दादानं शिकवलं. मी दहा-अकराचा असेन. विहिरीकडच्या शेवटच्या ओळीत, पाटाच्या कडेचं झाड होतं. दादानं माझा अंगठा धरला आणि फांदीवर घासला. "काय दिसते?" "हिरवं." "मंग ते जित्तं हाय. त्याले दुखन. ठेव." पुढची फांदी. "आता?" "मातीसारखं." "हं. हे गेलं. आता आण आरी." दिवसभर आम्ही ते एकच झाड केलं. संध्याकाळी माझ्या नखाखाली हिरवं साचलं होतं, ते चार दिवस गेलं नाही. शाळेत मी मुद्दाम तो अंगठा पुढं करून बसत होतो. दादाचं नख तर बारा महिने तसंच असायचं, कडेनं हिरवं-काळं. वहिनी म्हणायची, लग्नात हळद लागली पण ह्या नखावर काही चढली नाही.

हातआरीचा एक गुण मला फार उशिरा कळला. नख लावायला चुकलात तरी ती चूक पोटात घेते. जिवंत फांदीवर आरी लागली की दोन ओढींत भुसा ओला निघतो, दातांना चिकटतो, आरी जड होते. हात आपोआप थांबतो. तेवढ्या जखमेवर लेप लावला की झाड ती भरून काढतं. पेट्रोलच्या आरीला हे जमत नाही. ती वेगानं जाते आणि भुसा दहा हात लांब फेकते. तुम्हाला कळेपर्यंत फांदी खाली पडलेली असते.

ती आरी घरात आली त्याला निमित्त एका पोस्टकार्डाचं. ऐंशीनंतरची एक-दोन वर्षं गेली असतील. दिवाळी झाली होती. दादाचं पत्र म्हणजे तीन ओळी. "सल काढून झाली. विहिरीकडच्या दोन ओळी राहिल्या, खांदा उठत नाही. बाकी सर्व ठीक." तो 'बाकी सर्व ठीक' मी दोन दिवस वाचत होतो. तीस वर्षं आरी ओढून माझ्या भावाचा खांदा गेला होता, आणि मी इथं पंख्याखाली उभा राहून फळ्यावर करवतीच्या दातांची आकृती काढत होतो. अपराधी माणसाला काहीतरी विकत घ्यावंसं वाटतं. मलाही वाटलं.

सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत यंत्रांचं एक दुकान होतं. पंप, इंजिनं, पाईप, आणि काचेच्या कपाटात पेट्रोलच्या दोन आऱ्या. तेव्हा ही चीज जंगलच्या ठेकेदारांकडे असायची. घरी कोणी अशी आरी बाळगतो म्हटलं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. मी लागोपाठ तीन शनिवार त्या दुकानात गेलो. उचलून पाहिली, ठेवली, पुन्हा उचलली. तिसऱ्या शनिवारी दुकानदार कंटाळून म्हणाला, "मास्तर, तुमी आरी घेऊन राहिले, का लग्नाले पोरगी पाहून राहिले?"

पण मी काय घाई करणार होतो? मोठी आरी सागाचा बुंधा आडवा करणारी. ती उचलली की माणूस मागं झुकतो, आणि झुकलेल्या माणसानं आरी चालवू नये. धाकटी फूटभर पट्टीची. पट्टी केवढी घ्यावी याचा आडाखा साधा आहे, कापायचं लाकूड पट्टीपेक्षा बारीक हवं. संत्र्याची फांदी मनगटाएवढी, फार तर मांडीएवढी. तिला फूटभर पट्टी पुरे. मग मी धाकटी हात लांब करून किती वेळ धरता येते ते घड्याळ लावून पाहिलं, कारण खांदा माझा नव्हता, दादाचा होता. मुठीला रबर आहे का, म्हणजे हाताला झिणझिण्या कमी येतात. पुढच्या मुठीपुढचा अडसर दाबला की साखळी तिथल्या तिथं थांबते का. दोरी एका हिसक्यात ओढली जाते का. साखळीच्या दातांना घरी गोल कानशीनं धार लावता येईल का. दुकानदारानं आपणहून दोन गोष्टी सांगितल्या, "साखळी गरम झाली की ढिली पडते, तवा थांबून कसून घ्या लागते. आन पट्टीचं टोक लाकडाले लावू नका, मशीन उसळते, माणसाच्या तोंडावर येते." मी वहीत लिहून घेतलं. यंत्राचं असं काही राहिलं नाही जे मी विचारलं नाही. झाडाचं एक अक्षर विचारलं नाही, दादालाही नाही.

घरी परसात शेवग्याची एक वाळकी फांदी कापून पाहिली. शेजारचे भिंतीवरून डोकावले, "का मास्तर, जंगलचा ठेका घेतला का काय?" बायको म्हणाली, आता एवढं झालं तर गल्लीतल्या सगळ्यांचे शेवगे कापून द्या. मी खूश होतो. आमच्या घरात दादासाठी मी आजवर काही आणलं असेल तर ते म्हणजे दिवाळीला धोतरजोडी.

टाकी रिकामी करून, पोत्यात गुंडाळून आरी मी एसटीनं नेली. काटोलच्या अलीकडे कंडक्टर नाक ओढत आला. "पेट्रोलचा वास कायचा येऊन राह्यला?" मी म्हटलं, मशीन आहे, टाकीत थेंब नाही, हवं तर पाहा. त्यानं पोत्यात हात घातला, साखळीच्या दाताला बोट लागलं आणि झटक्यात बाहेर काढलं. त्यानंतर तो नरखेडपर्यंत माझ्याशी फार अदबीनं वागला.

दादानं आरी ओसरीत मांडीवर घेतली. उलटी-सुलटी केली. अंगठ्याचं नख दातांवरून हलकेच फिरवलं. "दात चांगले हायेत," एवढंच म्हणाला. पण जेवताना त्यानं पाट असा ठेवला की आरी समोर दिसत राहील. मी ते पाहिलं आणि मला घास गोड लागला. मग हात धुता धुता तो म्हणाला, "पण आता नाई गा. पाणी तोडलं हाय. झाड ताणात हाय."

ज्यांनी संत्रा पाहिला तो फक्त टोपलीतला, त्यांना ताण सांगावा लागेल. आंबिया बहाराच्या आधी, डिसेंबरपासून महिनाभर, झाडाचं पाणी मुद्दाम बंद करतात. झाड उपाशी राहतं, पानं वळतात, पिवळी पडून गळतात. बाहेरचा माणूस म्हणेल बगिचा मेला. मग जानेवारीत एक दिवस पाटाला पाणी सोडतात, आणि पंधरा-वीस दिवसांत त्याच मेलेल्या झाडावर पांढरी फुलं येतात, अशी की वासानं डोकं जड व्हावं. झाडाला तहानेच्या काठापर्यंत नेऊन परत आणायचं, असा हा कारभार. ताणात मेलेली आणि जिवंत फांदी सारखीच दिसते. म्हणून ताणात झाडाला आरी लावत नाहीत. आमच्या घरात हे कुणी कुणाला समजावून सांगत नव्हतं. चपला बाहेर काढाव्यात तसं ते सगळ्यांना माहीत होतं.

"मग कधी?" मी विचारलं. "पुढच्या साली, पाणी तोडाच्या आधी. काहून, काय घाई हाय?" दादा म्हणाला. घाई झाडांना नव्हती, त्यालाही नव्हती. घाई मला होती. मी चार दिवसांची रजा काढून आलो होतो आणि माझ्या आरीनं माझ्या भावाचं काम झालेलं मला माझ्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पारशिवनीला गेला. तिथं त्याची मोठी लेक दिलेली. तिच्या सासूची तेरवी होती. गाय व्यायला झाली होती म्हणून वहिनी घरी थांबली. जाताना दादा म्हणाला, "आराम कर. मी दोन दिवसांनी येतो, मंग बसू बोलत." फाटकापर्यंत मी त्याला सोडायला गेलो. तिथून परत न फिरता तसाच विहिरीकडं गेलो.

त्या दोन ओळी मुरमाड जमिनीतल्या. तिथं ताण लवकर बसतो. पानं वळून द्रोण झालेली, निम्मी खाली पडलेली, फांद्या उघड्या. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि म्हटलं, दिसूनच राह्यलं. घरी येऊन पेट्रोलमध्ये ऑईल कालवलं, साखळीला तेल दिलं. वहिनीनं शेणाचे हात तसेच ठेवून विचारलं, "भाऊजी, ह्यायले येऊ द्या ना." मी म्हटलं, "दादा आला की त्याले काम झालेलंच दिसलं पाहिजे वहिनी." "तुमी शिकलेले हा. मी काय सांगू," ती म्हणाली आणि गोठ्यात गेली.

खोटं कशाला सांगू, मजा आली. दोरीच्या दुसऱ्या हिसक्याला यंत्र बोललं. मी पाय रोवून, पट्टीचं टोक जपून, एकेक फांदी उतरवत गेलो. दुकानदारानं सांगितलेली एकही गोष्ट चुकलो नाही. साखळी ढिली झाली की थांबलो, कसली. दादाला ज्या झाडाला अर्धा दिवस लागायचा ते माझं अर्ध्या तासात होत होतं. नख आठवलं नाही असंही नाही. पहिल्या झाडाशी आठवलं. पण एका हातात चालू यंत्र असताना दुसऱ्या हाताचा अंगठा कुठं घासत बसू? आणि वर सगळं दिसतच होतं. दोन दिवसांत चौदा झाडं झाली. उंटावरचा शहाणा कसा असतो ते कोणाला पाहायचं असतं तर त्यानं तेव्हा विहिरीकडं यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता चहा मागितला. बराच वेळ झाला तरी चहा येईना. स्वयंपाकघरात धूर कोंडला होता, वहिनी फुंकणीनं फुंकत होती आणि डोळे पुसत होती. "भाऊजी, हे लाकूड नुसतं धुपून राह्यलं," ती म्हणाली. "ओलं हाय." मी चुलीकडं पाहिलं. फांदीच्या कापलेल्या तोंडातून फेस येत होता, बारीक आवाज करत. वाळलेल्या लाकडाला फेस येत नाही. मी म्हटलं, "दवानं भिजलं असेल." वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मग ते लाकूड बाहेर ओढलं, विझवलं आणि तुराट्या आणायला उठली.

मी तसाच बगिच्यात गेलो. पडलेल्या फांद्यांपाशी बसलो आणि नख लावलं. हिरवं. दुसरी, हिरवं. सात-आठ फांद्या पाहिल्या, त्यातली एक सल निघाली. त्यानंतर मी दोन कामं केली आणि दोन्ही चांगली दिसणारी होती. मोरचूद-चुन्याचा लेप कालवला आणि चौदाही झाडांच्या प्रत्येक जखमेवर जाड थापला. आणि रस्त्यानं जाणाऱ्या बायांना हाक मारून म्हटलं, जळतन पाहिजे तर न्या. त्यांनी मोळ्या बांधून सगळं नेलं. एकीनं जाता जाता म्हटलं, देव तुमाले सुखी ठेवो भाऊ. विहिरीवर माती लावून हात घासले. ऑईल निघालं, नखाखालचं हिरवंही निघालं. आता पाहणाऱ्याला लेप दिसणार होता, लाकूड दिसणार नव्हतं.

दादा तिसऱ्या दिवशी दुपारी आला. चपलाही न काढता दोन्ही ओळी फिरला. मी स्वेटरच्या खिशात हात घालून मागं. तो मधेच थांबून लेपाकडं पाहायचा, पुढं जायचा. पाटाच्या कडेच्या झाडाशी तो जास्त वेळ उभा राहिला. मग माझ्याकडं वळला. आवाजात राग नव्हता. "नख लावून पाह्यलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

त्यानं माझा हात पाहिला नाही. माझ्या शब्दावर मान हलवली. "मंग रोगच म्हणावं," तो म्हणाला. "एवढ्या फांद्या एका साली वाळत नाईत. मुळं सडली अशीन." घरी येऊन ओसरीत बसलो. चहा घेता घेता तो स्वतःशीच बोलत होता, मूळकूज असली तर पाण्याबरोबर बाकीच्या बगिच्यात पसरते, पाणी सोडाच्या आधी एक झाड काढून पाहा लागते, सडलं अशीन तर दोन्ही ओळी काढा लागतीन. वहिनी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. माझा चहा संपला, कप विसळून ठेवला, तरी दादाचं बोलणं चालूच होतं. तोंड उघडायला मला एवढा वेळ होता.

दुसऱ्या सकाळच्या एसटीनं मी नागपूरला आलो. रजा संपली होती.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. तीनऐवजी पाच ओळी होत्या. "ताण सोडला. पाटाच्या कडेचं झाड मुळासकट काढून पाहिलं. मुळं पांढरी, चांगली निघाली. बाकीची झाडं राहू दिली. तू काळजी करू नको." मी ते कार्ड आयटीआयच्या स्टाफरूममध्ये वाचलं. पाटाच्या कडेचं झाड. तिथंच त्यानं माझा अंगठा धरला होता. ते झाड कोणत्याही रोगानं गेलं नव्हतं, माझ्या 'हो'नं गेलं होतं. आणि 'काळजी करू नको' म्हणजे काय ते न समजण्याइतका मी बावळट नव्हतो. त्यानं दार उघडं ठेवलं होतं. मी उत्तर लिहिलं, "पत्र मिळालं. खांद्याला शेक घेत जा."

उन्हाळ्यात गेलो तेव्हा वहिनी बोलली. दादा शेतात होता. ती म्हणाली, झाड त्यानं एकट्यानंच खणलं, त्या खांद्यानं. अर्धा दिवस लागला. मग खड्ड्याच्या काठावर मुळं हातात घेऊन बसून राहिला. "मी चहा घेऊन गेली, तं म्हणे ठेव." मी विचारलं, "काही बोलला?" "नाई. मीबी नाई बोलली." मग म्हणाली, "भाऊजी, बोलाचं असन तं तुमीच बोला लागते." मी हो म्हणालो. हो म्हणण्यात मी पटाईत झालो होतो.

पुढच्या वर्षी पाणी तोडायच्या आधी दादानं मला बोलावून घेतलं. मला वाटलं होतं, आरी माळ्यावर गेली असेल. ती ओसरीत पुसून ठेवलेली होती. बगिच्यात गेलो तर झाडांच्या फांद्यांना ठिकठिकाणी चिंध्या बांधलेल्या, जुन्या लुगड्याच्या, लाल-हिरव्या. "चिंधी हाय तथीच काप," दादा म्हणाला. चार दिवस आधीपासून त्यानं सगळ्या बगिच्याला नख लावून खुणा करून ठेवल्या होत्या. खांदा उठत नव्हता म्हणून स्टुलावर चढून. मी आरी सुरू केली आणि चिंध्या पाहून कापत गेलो. काम सुरेख झालं. गावातले लोक बघायला आले. भावाभावांची जोडी म्हणून कौतुक केलं.

अशी वीस वर्षं. दरवर्षी दिवाळीनंतर मी जायचो. त्याचं नख, माझी आरी. साखळ्या तीन बदलल्या, दोरी दोनदा, मुठीचं रबर एकदा. तेवढ्या वर्षांत त्यानं मला एकाही फांदीला नख लावायला सांगितलं नाही. साठी उलटली, सत्तरी आली, दिसायला कमी झालं, तरी चिंध्या त्याच्याच हातच्या. मी दरवर्षी ठरवून जायचो की यंदा सांगायचं. पहिल्या झाडाशी सांगू, शेवटच्या झाडाशी सांगू. मग दोरी ओढायचो आणि यंत्र सुरू व्हायचं, आणि यंत्र सुरू असलं की बोलावं लागत नाही. त्या आवाजाचे माझ्यावर फार उपकार आहेत. पाटाच्या कडेचा खड्डा त्यानं बुजवला होता, पण तिथं दुसरं झाड लावलं नाही. चहा आला की आम्ही दोघं तिथंच बसायचो, कारण तिथं ऊन यायचं.

आज वाटतं, काय होणार होतं सांगून? दोन शिव्या दिल्या असत्या. कदाचित हसलाही असता. एक वाक्य होतं ते, "नाही लावलं दादा, चुकलो." लहान पोरही म्हणून मोकळं होतं. मी वीस वर्षं त्याच्या शेजारी बसून चहा प्यायलो, पण ते वाक्य काही तोंडातून निघालं नाही.

शेवटच्या वर्षी तो बगिच्यात येऊ शकला नाही. ओसरीतल्या खाटेवर असायचा. मी गेलो तेव्हा झाडांना चिंध्या नव्हत्या. त्यानं मला जवळ बोलावलं, म्हणाला, "यंदा तूच लाव नख." मला काय वाटलं ते कसं सांगू? वीस वर्षांनी माझी शिक्षा संपली असं वाटलं. आरी ओसरीतच ठेवली. मी त्याची जुनी हातआरी काढली, कानशीनं दातांना धार लावली आणि एकटा बगिच्यात गेलो. आठ दिवस लागले. एक फांदी सोडली नाही. शेंड्याला, मधे, बुडाला. साठीच्या माणसाचा अंगठा सुजला तरी थांबलो नाही. विहिरीकडच्या दोन ओळींतली ती तेरा झाडं तर मी हात फिरवून फिरवून पाहिली.

आठव्या दिवशी काम संपवून आलो तेव्हा ऊन ओसरीच्या पायरीवर होतं. दादा जागा होता. मी खाटेच्या कडेला बसलो.

"झालं?"

"झालं."

"नख लावून पाह्यलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो. यावेळी ते खरं होतं. पण माझ्या कानाला ते तेव्हाच्या 'हो'सारखंच ऐकू आलं.

दादानं माझा उजवा हात हातात घेतला. पायरीवरच्या उन्हाकडं केला, डोळे बारीक केले आणि माझा अंगठा वळवून नख पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात हलकेच माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "जेवून घे."